सुटली म्हना

माझ्या सासूबाई, म्हणजे सुकापूरच्या वेणू काशीराम घरत, डॉक्टरसमोर कधी खोटं बोलल्या नाहीत. साखर किती खाता विचारलं की "चाय तीन टायम, आणि लाडू असला तर लाडू" असं सांगून मोकळ्या व्हायच्या. वर शेजारी बसलेल्या सासऱ्यांचं गुपितही फोडायच्या, "यांनी काल जिलबी खाल्ली," म्हणून. सासरे बिचारे छताकडे बघत बसायचे. अशी ही बाई एकदाच गप्प राहिली. का राहिली, ते मी सांगणार आहे. मला कुणी सांगायला सांगितलेलं नाही, पण या घरात सध्या कुणीच कुणाशी बोलत नाही आणि तोंड मिटून बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

मी रेवा, त्यांची सून. माहेर डोंबिवलीचं. उरण रोडला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नोकरी करते, कंटेनरचे कागद बघते. लग्न होऊन आले तेव्हा वस्तीतल्या बायका म्हणायच्या, परेशची बायको शिकलेली आहे पण तोंडाची फटकळ आहे. सासूबाई त्यांना म्हणायच्या, "असू दे. फटकल बरी. मुकी घेऊन काय करू?" तेवढ्यावर आमचं जमलं.

सासूबाईंचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. मोरा बंदराच्या बाजूला कुठेतरी त्यांचे आगर होते. लहानपणी डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्यामुळे त्यांची मान अजून ताठ आहे, जिना चढताना हात रेलिंगला लागत नाही. लग्नानंतर सुकापूरला आल्या आणि भातशेतीत, म्हशीत सगळं आयुष्य गेलं. मग शेतावर इमारती उभ्या राहिल्या. परेशने गावठाणातल्या घराच्या जागी चार मजले बांधले. खाली दुकानं, वर भाडोत्री, पहिल्या मजल्यावर आम्ही. हॉलमध्ये मोठा सोफा आला. सासूबाई त्यावर कधी बसल्या नाहीत, कंबर धरते म्हणायच्या. बसायच्या त्या मागच्या गोठ्यात, म्हशीच्या पायाशी, उलट्या बादलीवर.

तो गोठाच परेशला नको होता. भाडोत्री माश्यांची तक्रार करायचे, वासाची करायचे. कुणी व्हॉट्सॲप ग्रुपवर शेणाचा फोटो टाकायचं. परेश दिवसभर बिल्डर लोकांत ऊठबस करणार, आणि संध्याकाळी त्याच्या दारात शेणाच्या पाट्या. लाज वाटायची त्याला, आणि लाज वाटते असं म्हणायचीही लाज वाटायची. शेवटी गेल्या वर्षी त्याने ठरवलं की चारही म्हशी विकायच्या. बाबांनीच, म्हणजे माझ्या सासऱ्यांनीच, व्यापारी बघितला. टेम्पो आला त्या दिवशी परेश पनवेलला रजिस्ट्रेशनच्या कामाला गेला होता, मी ऑफिसला. संध्याकाळी आलो तर गोठा रिकामा, धुतलेला. बाबा म्हणाले, गेल्या.  सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

गेल्या होत्या तीन. चौथी भोरी टेम्पोत चढलीच नव्हती. तिला मागच्या गल्लीतून हौसाबाईंनी नेली होती. हौसाबाई सासूबाईंची मैत्रीण, गावाच्या मागे तिची वाडी आहे, आंब्याची चार झाडं आणि पत्र्याची शेड. आता त्या शेडमध्ये भोरी आणि शेडचा राखणदार म्हणून एक भटका कुत्रा.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच दिसायचं की म्हशी गेल्यापासून दोघं म्हातारे रोज सकाळी फिरायला जायला लागलेत. परेश तर हरखून गेला. डॉक्टर किती वर्षं ओरडत होते की शुगर आहे, चाला. त्याने दोघांना पांढरे स्पोर्ट शूज आणून दिले. नऊवारीखाली शूज घालून सासूबाई निघायच्या, मागून बाबा हाफ पँटवर. गल्लीतली माणसं बघून हसायची आणि परेश त्यांचा फोटो ग्रुपवर टाकायचा. परतताना हातात दुधाची किटली. हौसाकडचं दूध म्हणायच्या. परेश चहा पिताना दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचा, पिशवीच्या दुधाला ही चव नाही. बाबा मान डोलवायचे. आता आठवलं की हसू यायला पाहिजे. येत नाही.

वाडीवर कामं वाटून घेतलेली होती. धार सासूबाई काढायच्या. बाबांचे गुडघे गेलेले, त्यांना उकिडवं बसता यायचं नाही. ते स्टुलावर बसून भोरीचे गोचीड काढायचे. कानामागचे, कासेजवळचे, शेपटीच्या मुळाशी चिकटलेले. कुत्राही पायाशी येऊन आडवा पडायचा, त्याचेही काढायचे. डिझेलच्या डब्यात टाकायचे, नाहीतर दोन नखांत धरून चिरडायचे. आमच्या इकडे सगळे असंच करतात. गोचीड काढणं म्हणजे काम नव्हेच, ती म्हाताऱ्या माणसाची करमणूक.

आणि बाबांनी सासूबाईंना शपथ घातली होती. पहिल्याच दिवशी, भोरीला वाडीत बांधताना. "माज्या गल्याची शपत हाय तुला, परेशला कलता कामा नये." आता शपथेचं आमच्या इकडे कसं आहे, ते सांगते. शपथ ज्याच्या गळ्याची, त्याच्या जिवाला ती लागते. मोडली तर तो माणूस जातो. आणि ज्याने घातली त्यानेच सोडवायची, "सुटली" म्हणून. लहान मुलं खेळताना सुद्धा एकमेकांच्या मागे लागतात, सुटली म्हण, सुटली म्हण. डोंबिवलीला आम्हीही म्हणायचो आणि विसरून जायचो. सासूबाई विसरणाऱ्यांतल्या नाहीत.

बाबांना ताप आला तो दिवाळी उरकल्यावर. पहिल्या दिवशी अंगावर काढला. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखायला लागलं की पडद्यातून येणारा उजेडही सहन होईना. आम्ही गल्लीच्या टोकाच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. जुने डॉक्टर आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी विचारलं, बाहेरगावी गेला होतात का, साचलेल्या पाण्यात गेलात का, घरात गुरं-ढोरं आहेत का. परेश म्हणाला, "नाही हो, सगळी विकली ना गेल्या वर्षी." डॉक्टरांनी मान हलवली. बाबा डोळे मिटून बसले होते. सासूबाईंनी पदर ओढून घेतला आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिल्या. मी ते पाहिलं. मला वाटलं, घाबरल्यात.

डॉक्टर म्हणाले, रक्त तपासून घ्या. झालं, परेशला निमित्तच पाहिजे होतं. वडिलांसाठी करायचं तर सगळ्यात मोठं करायचं, ही आमच्याकडची रीत. लग्नाचा मांडव असो की रक्ताची तपासणी. फोनवर त्याने एका लॅबचं सर्वांत मोठं पॅकेज बुक केलं. घरी येऊन एक मुलगी रक्त घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, पानंच्या पानं. थायरॉईड, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी, लोह, हाडांचं काय, सांध्यांचं काय. ताप का आला एवढं सोडून बाबांबद्दल सगळं त्यात होतं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. प्लेटलेट थोड्या कमी. आणि एका पानावर टायफॉइडची टेस्ट, विडाल, पॉझिटिव्ह.

सगळ्यांना हायसं वाटलं. नाव मिळालं ना. टायफॉइड म्हणजे ओळखीचा आजार, शेजारच्या तिघांना होऊन गेलेला. इंजेक्शनं सुरू झाली. परेशने भाडोत्र्यांच्या पाण्याची टाकी धुऊन घेतली. मी भाताची पेज केली. पुढे हॉस्पिटलात भेटलेले डॉ. सत्यजीत मला म्हणाले, पनवेलमध्ये रस्त्यावरच्या धडधाकट माणसांची विडाल केली तरी कितीतरी पॉझिटिव्ह निघतील, कधीकाळी होऊन गेलेल्या टायफॉइडची खूण रक्तात राहते. टायफॉइड खरंच आहे का बघायचं तर इंजेक्शन द्यायच्या आधी रक्ताचं कल्चर लावायचं. ते त्या जाडजूड पॅकेजमध्ये नव्हतं. ते मागायचं असतं हे आमच्या बापजन्मात कुणाला माहीत?

ताप उतरला नाही. अंगावर पुरळ आलं. मनगटावर, घोट्यावर, मग तळहाताला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनची रिॲक्शन असेल, मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. पनवेलच्या एका हॉस्पिटलात आम्ही बाबांना दाखल केलं. तिथे इन्चार्ज डॉक्टरांनी परत तेच विचारलं, गुरं, शेत, गवत? परेशने परत तेच सांगितलं. आता तर तो वैतागला होता. मला म्हणाला, आमचं आडनाव ऐकलं की यांना म्हशीच आठवतात. सासूबाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. बाबांचे पाय दाबत होत्या. दाबतच राहिल्या.

इन्चार्ज डॉक्टरांनी तरी दोन टेस्ट पाठवल्या. एक उंदराच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोची, एक स्क्रब टायफसची, तो गवतातल्या बारीक किड्याने होतो. दोन्ही निगेटिव्ह आल्या. मग त्यांनी तो विचार सोडून दिला. टायफॉइडच, रिॲक्शनसकट, असं ठरलं आणि इंजेक्शन बदललं. रिपोर्ट चुकीचे नव्हते हो. ते दोन आजार बाबांना नव्हतेच. जो होता, त्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

या सगळ्यात सासूबाई काय करत होत्या, ते मी सांगते. त्या बाबांच्या कानाशी लागलेल्या असायच्या. सकाळ, दुपार, चहाच्या वेळी. ओठ हलताना दिसायचे. नर्सला वाटायचं म्हातारी नामस्मरण करते. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी डबा घेऊन गेले तर त्यांचा आवाज चढला होता. "सुटली म्हना," म्हणत होत्या. "अवो, एकदा सुटली म्हना." बाबा त्यांच्याकडे बघत होते, नुसते बघत होते. तापाने त्यांचे कान गेले होते. आम्हाला वाटत होतं ग्लानी आहे. ते मध्येच बोलायचे ते वेगळंच. "भोरीला पानी दाखवलं?" परेश तोंड फिरवून रडायचा, की बघा, बाबांना अजून जुन्या म्हशी आठवतात. सासूबाई म्हणायच्या, "दाखवलं. तुमी सुटली म्हना." नर्स येऊन ओरडली की आजी, ओरडू नका, पेशंटला त्रास होतो. मग त्या मोठ्याने बोलायच्या बंद झाल्या. बोट ओठांवर ठेवून, तोंडाचा आकार करून दाखवायच्या, "सुटली" असा. बाबांनी एकदा हसून त्यांच्यासारखाच तोंडाचा आकार केला. आवाज नाही आला. सासूबाईंनी कान त्यांच्या ओठांशी नेला. मग नाही म्हणून मान हलवली. आवाज आल्याशिवाय सुटली असं धरायचं नसतं.

मी विचारलं, आई, काय चाललंय? त्या म्हणाल्या, "काय नाय गो. तू घरी जा, जेव." मी गेले. जेवले. मला भूक लागली होती.

डॉ. सत्यजीत त्या हॉस्पिटलात आठवड्यातून काही वेळा येणारे फिजिशियन. वय फार नसेल, बोलणं शांत. बाबांची लघवी कमी झाली, श्वास लागायला लागला, तेव्हा त्यांना बोलावलं. त्यांनी आधी फाईल बघितली नाही, चादर बाजूला केली आणि तळपाय बघितले. तळपायाला पुरळ होतं. तळहात परत बघितले. मग म्हणाले, रिॲक्शनचं पुरळ सहसा असं तळव्यांत येत नाही. आणि विचारलं, "जनावरांशी संबंध? कुत्रा, गाय, म्हैस? नीट आठवून सांगा."

परेश थकला होता. म्हणाला, "डॉक्टर, तिसऱ्यांदा सांगतो. नाही. विकली सगळी."

डॉक्टर मान हलवून फाईल उघडायला लागले. तेवढ्यात सासूबाईंनी बाबांचे पाय दाबायचं थांबवलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "भोरी हाय. हौसाच्या वाडीत. रोज सकाली जातो आमी. गोचीड हेच काढतात, नखानं. कुत्र्याचे पन."

परेश त्यांच्याकडे बघत राहिला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या खाली वाकल्या, बाबांच्या पावलांवर डोकं टेकलं आणि तिथेच म्हणाल्या, "मी बोलले. आता जे लागायचं ते मला लागू दे. तुमाला नको."

डॉ. सत्यजीतनी यातलं अर्धं ऐकलं असेल नसेल. त्यांनी नर्सला हाक मारून औषधाचं नाव सांगितलं, डॉक्सीसायक्लीन, आत्ता, रिपोर्टची वाट बघायची नाही. मग बाबांचं सगळं अंग तपासलं. कानामागे, काखेत, जांघेत. पँटच्या नाडीखाली कमरेला एक छोटी काळी खपली निघाली. आम्ही सगळ्यांनी ती पाहिली होती. नाडी घासली म्हणून आम्ही तिथे हळद लावली होती. डॉक्टरांनी त्या खपलीतून नमुना घेतला, रक्ताची एक बाटली घेतली, आणि म्हणाले, हे मुंबईला पाठवतो. गोचिडाच्या तापाची टेस्ट वेगळी असते, स्क्रबच्या टेस्टमध्ये तो सापडत नाही. रक्तातल्या टेस्टमध्येही पहिल्या आठवड्यात सापडेलच असं नाही, म्हणून खपलीतला नमुना. हे सगळं ते परेशला सांगत होते आणि परेश ऐकत नव्हता. मी ऐकत होते. कुणीतरी ऐकायला पाहिजे होतं.

शपथेचं सासूबाईंनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं, बाहेरच्या बाकावर बसून. सरळ सांगितलं, साखरेचं सांगायच्या तसंच. पहिल्या दवाखान्यातच त्यांच्या मनात आलं होतं की गोचिडाचं असेल. माहेरी एक गडी असाच तापाने गेला होता, बकऱ्या राखायचा. त्यांना सांगायचं होतं. पण सांगितलं तर बाबा जाणार. आणि नाही सांगितलं तर बाबांचा ताप उतरणार नाही. म्हणून त्या बाबांकडून सोडवून घ्यायच्या मागे होत्या. एवढा साधा एक शब्द. बाबांना तो ऐकूच गेला नाही.

मी त्यांना म्हणाले, आई, शपथेने कुणी मरत नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्यात नसेल मरत."

बाबा दोन दिवस होते त्यानंतर. ताप उतरला. खरंच उतरला, अंग गार लागलं, सासूबाईंनी हात लावून बघितलं आणि मला बोलावून हात लावायला लावला. पण किडनी परत चालू झाली नाही. फुप्फुसात पाणी झालं. गुरुवारी दुपारी गेले. परेश खाली बिलाच्या खिडकीशी होता. सासूबाई आत होत्या. बाहेर आल्या, म्हणाल्या, "गेले," आणि बाकावर बसल्या. शूजची लेस सुटली होती ती बांधली.

मी डॉ. सत्यजीतना गाठलं. मला कळायला हवंच होतं, माझा स्वभावच मेला तसा. मी विचारलं, पहिल्या दवाखान्यातच कळलं असतं तर?  म्हणाले, तर कुठल्याच टेस्टची वाट बघावी लागली नसती. गुरं आणि गोचीड एवढं ऐकूनच गोळ्या सुरू केल्या असत्या कुणीही. साध्या गोळ्या आहेत. लवकर मिळाल्या तर बहुतेक लोक दोन-तीन दिवसांत उठून बसतात. मी "थँक्यू" म्हणाले. अशा वेळी माणूस थँक्यू कसं काय म्हणतं, देव जाणे.

दिवस झाले. तेराव्याला गाव जेवून गेलं. कुणी काय काय म्हणत होतं, टायफॉइड वाईटच, हॉस्पिटलवाल्यांनी लुटलं, वय झालं होतं. मी वाढत होते. आतून काही हलत नव्हतं. मला अजून रडू आलेलं नाही, आणि सासूबाईंनाही नाही. त्या वाडीवर जात नाहीत. भोरीची धार आता हौसाबाई काढते, दूध पाठवते. परेश ते पीत नाही. काळा चहा पितो. आईशी बोलत नाही तो. रागावलाय असंही नाही, तिच्याकडे बघितलं की त्याला काय बोलावं सुचत नाही. घरात तीन माणसं आणि आवाज फक्त फ्रीजचा.

सासूबाई मात्र आता सोफ्यावर बसतात. टीव्ही लावला तर बघतात, बंद केला तर त्याच्याकडेच बघत राहतात. एकदा मी शेजारी बसले तर आपणहून म्हणाल्या, "मी बोलले आणि दोन दिसांत गेले. तवर नव्हते गेले."  दोष घ्यायचाच ठरवला असेल तर माणसाला कुठला ना कुठला सापडतोच. त्यांनी शपथ मोडल्याचा घेतला होता. तो त्या वाहत होत्या. जेवत होत्या, अंघोळ करत होत्या. तेवढं तर चाललं होतं.

काल मुंबईचा रिपोर्ट आला. परेशच्या फोनवर आला. तो स्वयंपाकघरात आला आणि फोन माझ्यापुढे धरला. खपलीतल्या नमुन्यात गोचिडाच्या तापाचे जंतू मिळाले होते, रक्ताची टेस्टही पॉझिटिव्ह. अगदी बरोबर टेस्ट, अगदी बरोबर उत्तर.  म्हणाला, आईला सांगतो. मी म्हटलं, काय सांगतोस? म्हणाला, खरं आहे ते. तिला कळू दे.

मी त्याला दारातच धरलं. आवाज न चढवता म्हटलं, बघ, आत्ता तिला वाटतंय आपण बोललो म्हणून ते गेले. तू हे दाखवलंस की तिला कळेल, आपण गप्प बसलो म्हणून गेले. जिवंत होते तेवढे सगळे दिवस आपण गप्प बसलो म्हणून. यातलं कुठलं तिला झेपेल, तू सांग. परेश ओट्याला टेकून उभा राहिला. मग खाली बसला आणि फोन पोटाशी धरून रडला. रडला ते बरं झालं. आमच्यापैकी एकाला तरी जमलं.

मी बाहेर आले. सासूबाई सोफ्यावर होत्या. त्यांनी रडणं ऐकलं असणार. म्हणाल्या, "मुंबईचा रिपोट आला?"

या घरात मी तोंडावर खरं बोलणारी म्हणून ओळखली जाते. त्यासाठी मला कितीदा बोलणी बसलीत आणि मी कधी मागे घेतलेलं नाही.

"आला," मी म्हटलं. "निगेटिव्ह आहे, आई. गोचिडाचं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले वयच झालं होतं, कशानेच काही झालं नसतं."

आता निगेटिव्ह म्हणजे काय ते त्यांना कळतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, मोकळ्या होतील, निदान एवढं तरी की पहिल्या दिवसापासून आपल्या हातात काहीच नव्हतं. मी हेच त्यांना द्यायला आले होते.

"म्हंजे गोचिडाचं नव्हतंच," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मंग उगाच बोलले मी."

टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या. त्यांनी रिमोट मागितला, मी तो दिला आणि कुकर लावायला आत गेले.